सत्तेची वाटणी आणि साताऱ्याचा निवाडा

मराठ्यांचे राज्य का बुडाले, असा प्रश्न कोणत्याही गावच्या पारावर टाकून पाहा. उत्तर बहुधा ठरलेले असते. "सरदार शिरजोर झाले, दुसरं काय!" शाळेतही आपण थोड्याफार फरकाने हेच शिकलो. शिवाजी महाराजांनी जहागिरी दिल्या नाहीत म्हणून राज्य उभे राहिले आणि पुढच्यांनी त्या दिल्या म्हणून ते कोसळले, असा हा सरळ हिशेब आहे. पण हिशेब सरळ आहे म्हणून तो बरोबर आहे, असे होत नाही. वाचकहो, आज तो पुन्हा एकदा मांडून पाहू. एका मध्यवर्ती गादीने आपली सत्ता ठिकठिकाणच्या मातब्बर माणसांच्या हाती का दिली, कशी दिली, आणि ती देताना व दिल्यानंतर नेमके काय चुकले, हे त्यातून उलगडले तर बरे.

प्रथम महाराजांची रीत पाहू. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा राज्याचा कारभार अष्टप्रधानांत विभागलेला होता. पण प्रधानाला काय किंवा सैनिकाला काय, वेतन शक्यतो रोख मिळे. मुलूख तोडून देण्यास महाराज राजी नसत. जुने देशमुख-देशपांडे आपल्या हक्कांवर राहिले, परंतु वसूल सरकारचे कामगार करीत. किल्ल्यावर एकट्याची हुकमत नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे एकमेकांच्या कामावर नजर ठेवून असत. ही व्यवस्था उत्तम होती, यात शंका नाही. तथापि तिला दोन गोष्टी लागत. एक म्हणजे भरलेला खजिना आणि दुसरी म्हणजे गडावर बसून सगळीकडे पाहणारा धनी.

1689 साली या दोन्ही गोष्टी एकदम गेल्या. मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून दूर कर्नाटकात जिंजीला पोहोचले. औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ देऊन बसलेला. खजिना नाही, राजधानी नाही, आणि राजा शेकडो कोसांवर. अशा वेळी रोख पगार कुठून द्यायचा आणि तो द्यायचा तरी कोणी?

दुसरी अडचण याहून बिकट होती. बादशहा मराठा सरदारांना मनसबी आणि वतने देऊन आपल्याकडे ओढीत होता. ज्याच्या पदरी दोन-चारशे घोडी आहेत असा माणूस मनात म्हणणार, "इकडे उपाशी राहण्यापेक्षा तिकडे वतन घेतलेलं काय वाईट?" राजाराम महाराज आणि त्यांचे मुत्सद्दी यांनी यावर जो तोडगा काढला तो साधा होता. जो सरदार आपल्या हिमतीवर फौज उभी करील आणि मोगलांकडून मुलूख सोडवील, त्याला त्या मुलखातच फौजेच्या खर्चाची नेमणूक करून द्यायची. हणमंतराव घोरपडे यांना 1691 साली दिलेल्या लेखात तर अशी टप्प्याटप्प्याची आश्वासने आहेत. रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद अशी एकेक स्थळे त्यात येतात आणि शेवटचे नाव आहे दिल्लीचे! स्वतःची राजधानी शत्रूच्या हाती असताना दिल्ली काबीज केल्याचे बक्षीस लिहून देणारी ती माणसे होती, हे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे होता. त्यांना 'हुकुमतपन्हा' हा किताब देऊन जवळजवळ राजाचेच अधिकार दिलेले होते. शंकराजी नारायण सचिव त्यांच्या जोडीला, आणि रणांगणावर संताजी घोरपडे व धनाजी जाधव. या मंडळींना प्रत्येक गोष्टीला जिंजीची परवानगी मागत बसावे लागले असते, तर राज्य तेव्हाच संपले असते. औरंगजेबाने राजधानी घेतली, 1698 च्या आरंभी जिंजीही घेतली, 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले, तरी युद्ध संपेना. ताराबाईंनी ते पुढे चालवले. ज्या राज्याचे डोके एका जागी नाही, त्याचे डोके उडवणार तरी कसे? 1707 मध्ये बादशहा दक्षिणेतच मेला. सत्ता खाली उतरली, म्हणूनच राज्य वाचले. पारावरच्या आपल्या हिशेबात ही रक्कम सहसा जमेस धरलीच जात नाही.

अर्थात याची किंमत होती, आणि ती रामचंद्रपंतांना पुरती ठाऊक होती. पुढे त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांविषयी फार कडक इशारा आहे. वतनदार म्हणजे राज्यातला वाटेकरीच; त्याला सैल सोडले तर तो शेजाऱ्याशी भांडतो आणि परचक्र आले की आधी स्वतःचे वतन सांभाळतो, असा त्याचा आशय. गंमत अशी, की हा इशारा देणाऱ्या अमात्यांच्या घराण्याकडेही पुढे बावड्याची जहागीर राहिली, सचिवांकडे भोर राहिले आणि प्रतिनिधींकडे औंध. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. धोका दिसत होता, पण दुसरा मार्ग मोकळा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आता 1707 च्या पुढे येऊ. शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि 1708 च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. या नव्या छत्रपतींपाशी स्वतःची अशी फौज थोडीच होती. सरदार मात्र जागोजाग जम बसवून होते. कोणी ताराबाईंच्या बाजूचा, कोणी मोगलांशी बोलणी चालवणारा, कोणी कोणाचाच नाही. अशा वेळी 1713 मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथांनी काय केले? त्यांनी सरदारांचे बळ काढून घेण्याचा प्रयत्न केला नाही. तो जमलाही नसता. कान्होजी आंग्र्यांवर चालून जाण्याऐवजी त्यांनी 1714 मध्ये त्यांच्याशी तह केला, त्यांचे आरमार आणि किल्ले त्यांच्याकडेच ठेवले आणि त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणले.

मग 1719 साल उजाडले. सय्यद बंधूंशी झालेल्या करारान्वये बाळाजी फौजेसह दिल्लीस गेले आणि स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन परतले. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बेदर, विजापूर आणि हैदराबाद अशा दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर हा हक्क होता. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार स्वार बादशाही चाकरीस ठेवायचे होते. ते स्वार अर्थातच सरदारांचे. म्हणजे उत्पन्न सरदारांत वाटणे भाग होते. खरी करामत या वाटणीत आहे.

समजा, एखाद्या गावचा आकार शंभर रुपयांचा आहे. त्यावर सरदेशमुखी दहा रुपये. ती छत्रपतींची, वतन म्हणून. चौथाई पंचवीस रुपये. या पंचविसांतले सहा रुपये चार आणे 'बाबती' म्हणून पुन्हा छत्रपतींचे. दीड रुपया 'साहोत्रा', तो पंतसचिवांचा. बारा आणे 'नाडगौडा', ते छत्रपती मर्जीतल्या माणसाला देणार. उरलेले साडेसोळा रुपये 'मोकासा', आणि तो सरदाराचा. गाव एक, पण त्याच्या उत्पन्नात वाटेकरी चार.

आजच्या कारकुनालाही घाम फुटावा असा हा हिशेब! पण गुंता मुद्दाम केलेला होता. एका सरदाराला सलग मुलूख पूर्णपणे तोडून दिला, की तो तिथला राजा होतो. तेच एकाच परगण्यात चौघांचे हक्क गुंतवून ठेवले, की प्रत्येकाला दुसऱ्याच्या वसुलाकडे लक्ष द्यावे लागते, आणि कोणाला किती हे ठरवायला साताऱ्याच्या दप्तराकडे यावे लागते. सरदारांच्या पदरी सरकारातून नेमलेले दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरकदार असत, तेही याच कारणासाठी. सरंजाम हा फौज बाळगण्यासाठी आहे, मालकीचा नाही, हे तत्त्व निदान कागदावर तरी पक्के होते.

याशिवाय आणखी एक धागा होता, तो मायेचा. कितीही मोठा सरदार झाला तरी त्याची मुळे दक्षिणेतल्या एखाद्या खेड्यात असत. शिंदे कण्हेरखेडचे, होळकर होळ गावचे, गायकवाड दावडीचे. उत्तर हिंदुस्थान हलवणारे महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवण्यात भूषण मानीत. अटकेकडे घोडा फेकणाऱ्याचाही जीव गावच्या पाटिलकीत अडकलेला असे, आणि त्या वतनाचा कागद छत्रपतींच्या शिक्क्याचा असे.

पण हे सारे धागे आपोआप ताठ राहात नाहीत. चार वाटेकरी म्हटले की तंटा आलाच. तो मिटवणार कोण? माझ्या मते मराठ्यांच्या इतिहासातला कळीचा प्रश्न हाच आहे.

शाहू महाराज हयात होते तोवर याला उत्तर होते. दोन प्रसंग पाहा. गुजरातच्या वसुलावरून पेशवे बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात वाढत गेलेले वैर 1731 मध्ये डभईच्या लढाईपर्यंत गेले आणि सेनापती तिथे पडले. शाहू महाराजांना ती लढाई टाळता आली नाही, हे खरेच. पण नंतर त्यांनी उमाबाई दाभाड्यांची समजूत घातली, सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात ठेवले, आणि जिंकलेल्या पेशव्यालाही वाटणीच्या मर्यादेत ठेवले. दुसरा प्रसंग बंगालचा. रघूजी भोसले बंगालची चौथाई वसूल करू लागले. तिकडच्या नबाबाच्या बोलावण्यावरून पेशवे नानासाहेब फौज घेऊन गेले आणि 1743 मध्ये मराठ्यांच्याच दोन फौजा परमुलखात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. राज्य मोडायला याहून अधिक काय लागते? पण दोघेही साताऱ्यास आले. त्याच वर्षी महाराजांनी निवाडा दिला. वऱ्हाडापासून पूर्वेकडे कटक-बंगालपर्यंत भोसल्यांनी पाहावे. माळवा, आग्रा, अजमेर, प्रयाग या बाजूला पेशव्यांनी पाहावे. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत हात घालू नये. दोघांनी ते मानले.

का मानले, याचा विचार करा. महाराजांची फौज या दोघांच्या पासंगालाही पुरली नसती. त्यांना बंगालात काही मिळवायचे नव्हते आणि माळव्यातही नव्हते. वाटणीत त्यांचा हिस्सा ठरलेला होता आणि तो कोणाकडूनही मिळणार होता. भांडणात ज्याचा स्वार्थ नाही त्याच्या शब्दाला वजन येते. आपल्याकडे भावांची वाटणी करायला मामाला बोलावतात, ते उगीच नव्हे!

15 डिसेंबर 1749 रोजी शाहू महाराज वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या करारानंतर राज्याचा सारा कारभार पुण्यास पेशव्यांकडे आला. कारभाराच्या सोयीसाठी ते ठीक झाले असेल. पेशवे कर्तबगार होते, दप्तर चोख होते. पण एक गोष्ट कायमची बदलली. पेशवा हा स्वतःच एक वाटेकरी होता. आता वाटेकरीच पंच झाला.

परिणाम लगेच दिसला. 1751 मध्ये दमाजी गायकवाड ताराबाईंच्या बाजूने चालून आले, तेव्हा नानासाहेबांनी त्यांना पकडून कैदेत ठेवले आणि अर्धा गुजरात घेऊन सोडले. 1743 चा निवाडा आणि हा निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात दोन पक्ष आणि तिसरा पंच आहे. दुसऱ्यात पक्ष आणि पंच एकच. गायकवाडांनी ते सोसले, पण त्यांच्या घराण्याने ते कधी विसरले नाही. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात शिंदे-होळकरांत वितुष्ट आले, तेही मनापासून कोणी मिटवले नाही. पुढे नागपूरकर जानोजी भोसल्यांशी माधवराव पेशव्यांना लढाईच करावी लागली आणि 1769 च्या कनकापूरच्या तहाने ते प्रकरण थांबले. माधवरावांसारख्या न्यायी पुरुषालाही निवाड्याऐवजी तलवार वापरावी लागली.

इथे कोणी विचारील, "मग पाणिपतानंतरही राज्य चाळीस वर्षं टिकलं कसं?" प्रश्न रास्त आहे. टिकले ते याच वाटलेल्या सत्तेमुळे. 1761 मध्ये एक मोठी फौज एका दिवसात गारद झाली; पण ठिकठिकाणची घराणी शाबूत होती आणि दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत होते. 1795 मध्ये खर्ड्यावर शिंदे, होळकर, भोसले अशा सगळ्यांच्या फौजा निजामाविरुद्ध एकत्र उभ्या राहिल्या. त्यामागे नाना फडणिसांची पत्रे होती, त्यांचा दरारा होता. पण एका माणसाचा दरारा ही काही संस्था नव्हे. 1800 च्या मार्चमध्ये नाना गेले आणि तोही संपला.

मग जे घडले ते थोडक्यात सांगतो, कारण ते वाचताना आजही वाईट वाटते. दौलतराव शिंदे आणि होळकर यांचे वैर पेटलेले होते. दुसऱ्या बाजीरावांनी यात पंच व्हायचे सोडून शिंद्यांची बाजू धरली, आणि 1801 मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव होळकर चालून आले तेव्हा त्यांच्या मागण्या काय होत्या? पुतण्या खंडेरावाची सुटका व्हावी, होळकरांची दौलत होळकरांना मिळावी, शिंद्यांना आवर घालावा. म्हणजे निवाडाच मागत होते! तो मिळाला नाही. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरपाशी लढाई झाली, पेशवे पळाले आणि 31 डिसेंबरला त्यांनी वसईस इंग्रजांशी तह केला.

या तहातली तैनाती फौज सर्वांना ठाऊक असते. त्यातले दुसरे एक कलम मात्र सहसा कोणी सांगत नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी पेशव्यांचे जे देण्याघेण्याचे तंटे असतील, त्यांत इंग्रजांची मध्यस्थी मान्य करावी, असे ते कलम आहे. साताऱ्याची रिकामी पडलेली पंचाची जागा कलकत्त्याच्या कंपनीने भरून काढली, ती अशी. 1803 मध्ये असईला शिंदे आणि भोसले लढले, होळकर बाजूला राहिले. 1804 मध्ये होळकर एकटे लढले. 1818 मध्ये सारेच आटोपले.

तेव्हा पारावरच्या उत्तरात थोडी दुरुस्ती करायला हवी. सरदारांना सत्ता दिली म्हणून राज्य बुडाले नाही. तिच्यामुळे ते एकदा औरंगजेबापासून आणि एकदा पाणिपतापासून वाचले. सरदारही जन्मतः दुष्ट नव्हते. ज्याला मुलूख आहे, फौज आहे आणि जिच्यापाशी न्याय मिळेल अशी जागा नाही, तो माणूस शेवटी आपला न्याय आपणच करतो. बाळाजी विश्वनाथांच्या व्यवस्थेत हिस्से आण्या-पैपर्यंत लिहिलेले होते, पण तंटा झाल्यास कोणापुढे जायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. एक थोर मनाचा छत्रपती ते काम स्वभावानेच करीत होता. त्यामुळे ते लिहून ठेवावे, असे कोणाला वाटले नाही.

ही जुनी कथा एवढ्यासाठी सांगितली, की सत्तेची वाटणी आपणही केली आहे. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीपासून जिल्ह्यापर्यंतच्या या संस्थांना घटनेचा आधार मिळाला. त्या दुरुस्तीत दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाची तरतूद आहे. या गोष्टी सभेत टाळ्या मिळवणाऱ्या नाहीत. पण कोणाचा हिस्सा किती आणि निवड कशी, हे वाटेकऱ्यांपैकी एकाच्या मर्जीवर राहू नये, हीच त्यांमागची कल्पना. आपल्या गावाला अधिकार मिळाले का, हे आपण नेहमी विचारतो आणि विचारावेच. त्याच दमात आणखी एक विचारीत जावे. गावाचे आणि जिल्ह्याचे, किंवा जिल्ह्याचे आणि सरकारचे वाजले, तर निवाडा कोण देणार, आणि त्या निवाड्यात त्याचा स्वतःचा वाटा तर नाही ना?